साथीचे ऋण

ज्याच्या आधारावर दुसऱ्याची कला उभी राहते, त्याला आपण काय देणे लागतो, हा प्रश्न संगीताच्या मैफलीत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. ठाणे-कल्याणच्या एखाद्या सभागृहात गाणे चालले असता, गवयाच्या मागे बसून दोन-दोन तास तंबोरा छेडणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष नसते. तंबोरा क्षणभर थांबला, की मात्र सारी मैफल चमकून पाहते.

पॅरिसमध्ये १९३४ साली उभ्या राहिलेल्या एका जाझ वाद्यवृंदाच्या इतिहासात हाच प्रश्न निराळ्या रूपाने भेटतो. 'हॉट क्लब'च्या या पंचकात ना ढोल होते, ना तुताऱ्या. तीन गिटारी, एक व्हायोलिन आणि एक डबल बास एवढीच तंतुवाद्ये. जँगो राइनहार्टची गिटार आणि स्तेफान ग्रापेलीचे व्हायोलिन यांनी रसिकांना मोहिनी घातली. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली असताही त्याने जे साधले, ते अलौकिकच होय. परंतु ढोल नसता ताल धरला कोणी? जँगोचा भाऊ जोझेफ, रोजे शापू आणि बासवादक लुई व्होला यांनी. असे सांगतात की, ग्रापेली वाजवू लागला म्हणजे त्याच्या मागे दोन गिटारी असतात, आपल्या मागे मात्र एकच, अशी तक्रार जँगोने केली, आणि म्हणून तिसरी गिटार आली. स्वच्छंद विहार करणाऱ्यालाही आधार किती हवा असतो, याची ही कबुलीच नव्हे काय? ऐन वेळी सुचेल ते वाजविण्याची मोकळीक त्याला मिळते, ती इतरांनी आपल्या मोकळिकीला मर्यादा घातल्यामुळे.

यावर कोणी म्हणेल, साथीदाराचा धर्मच मुळी स्वतःला विसरण्याचा. त्याला नावाची हाव कशाला? या युक्तिवादात एक गफलत आहे. आपण होऊन मागे बसणे हा गुण होय. दुसऱ्याने मागे बसवून विसरून जाणे हा अन्याय होय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच अन्यायाला गुणाचे नाव देणे सोपे जाते.

उदाहरण मुंबईतच आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. या संगीतात तयार झालेले अनेक गोमंतकीय वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. तबकडीवर नाव छापले जाई ते गायकाचे व संगीत दिग्दर्शकाचे, वादकांचे क्वचितच. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघर पोहोचले, ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे. शिष्य प्यारेलाल यांनी वाहिलेली ती गुरुदक्षिणा होती. परंतु ऐकणाऱ्या बहुतेकांना ते चित्रपटातील पात्राचेच नाव वाटले!

त्यागाचा लाभ ज्याला मिळाला, त्याने त्यागाची स्तुती करून मोकळे होऊ नये. ऋण मानावे, आणि ते फेडावे. प्रत्येक घरात कोणी एक पुढे जातो आणि दुसरे कोणी मागे ठेका धरून असते. बहुधा ती गृहिणीच असते. तिच्या निःस्वार्थीपणाचे गोडवे गाण्यापूर्वी, पुढे येऊन चार स्वर आपल्या मनाचे वाजविण्याची संधी आपण तिला कधी दिली होती काय, एवढे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.