ज्यांना नुसतं पाणी दिलं

एम. फार्म.ला असताना माझ्या वहीत एक शब्द सारखा यायचा: सॅक्रिफाइस. ‘28 दिवसांनी उंदीर सॅक्रिफाइस केले.’ मारले असं कुणी लिहीत नाही. मराठीत त्याला सरळ शब्द आहे, बळी. आणि बळी म्हटलं की मला आमच्या जामनेरकडची मरीआई आठवते.

साथ आली की मरीआईला बोकड. त्याच्या अंगावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्याने अंग झटकलं की देवीने पत्करला. गार पाणी पडल्यावर कुठलंही जनावर अंग झटकेल, हे लहानपणी मी मोठ्याने बोलले आणि आजीचा धपाटा खाल्ला. आता वाटतं, जीव घेण्याआधी कुणाला तरी विचारावं लागतं एवढं त्या लोकांना कळत होतं. आमच्या प्रयोगशाळेत विचारायचं ते नीतिसमितीला: उंदीर किती, कशाला, कमी उंदरांत भागेल का? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम 14 प्रयोगांना मुभा देतं. अर्जावर सही होते. अंग झटकायची वेळ उंदरावर येतच नाही.

माझ्या प्रयोगातलं औषध टेनोफोव्हिर, एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’वरचं. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात आणि त्यांच्याच तंतुकणिका बिघडतात. मेणात बसवलेल्या मूत्रपिंडाचे पाच मायक्रॉनचे काप काढायचे, जांभळा-गुलाबी रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. पण बिघडलेला काप ओळखायला शेजारी धडधाकट काप लागतो, म्हणजे धडधाकट उंदीरही मारावा लागतो. कंट्रोल ग्रुपचे सहा. औषध दिलेल्यांबद्दल मी मनाची काहीतरी समजूत घालते. या सहांच्या बाबतीत ती घालता येत नाही. ते निरोगी होते, म्हणूनच कामाचे होते.

दुसऱ्याऐवजी स्वतःला पुढे करणारेही आहेत. आमच्या जामनेरकडच्या पहूरवरून अजिंठा जवळ. पहिल्या लेण्यात शिबी राजा कबुतरासाठी स्वतःचं मांस देतो. संशोधक हाफकिननेही 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मला ते दोघेही अडचणीचे वाटतात. दंड पुढे करता येतो. मूत्रपिंड कापून पाहायचं तर दुसऱ्याचंच घ्यावं लागतं.

परवा आईला नागीण झाली. असायक्लोव्हिर, 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, आणि भरपूर पाणी. पाणी कशाला, तिने विचारलं. हे औषध पाण्यात फार विरघळत नाही, कमी प्यायलीस तर नलिकांत त्याचे खडे धरतात. जास्त मात्रा दिलेल्या उंदरांत ते दिसले आहेत, मी म्हटलं. कापसाच्या खोलीत उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकणारी आणि गौरी-गणपतीत गणपतीच्या मूषकाला मोदक ठेवणारी ही बाई. मग मीही बोलत गेले, त्या सहांबद्दलही.

“त्यांना काय दिलं होतं गं तुम्ही?”

“नुसतं पाणी.”

आईने तोंडाला लावलेला पेला खाली ठेवला. जरा वेळाने गोळीची वेळ झाली, तेव्हा पुन्हा उचलला.