सही करण्याआधी

बायकोसाठी अमेरिकेचा अर्ज भरायला घेतला तेव्हा वाटलं होतं, अडचण येईल ती कागदपत्रांची. तशी ती आली नाही. मी तिथला नागरिक, ती सोलापूर जिल्ह्यातली. लग्न इथेच झालं, महापालिकेत तीन साक्षीदारांच्या सह्यांनी नोंदलं गेलं, दाखलाही मिळाला. पूर्वी परदेशात राहणाऱ्या नागरिकाला अमेरिकेच्या तिथल्याच इमिग्रेशन कार्यालयात असा अर्ज देता यायचा. 1 फेब्रुवारी 2020 पासून ती सोय बंद झाली आणि अपवाद सोडता सगळे अर्ज अमेरिकेतच तपासले जाऊ लागले. पण ऑनलाइन भरायला कुठूनही चालतो. आय-130 हा पहिला अर्ज एवढंच विचारतो की तुमचं नातं काय आणि ते खरं आहे का. आमचं नातं खरं आहे. तो भरताना माझा हात कुठे अडला नाही.

अडला तो पुढच्या टप्प्याचा कागद वाचताना. आय-864, म्हणजे जोडीदाराच्या पोषणाची हमी. उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यमर्यादेच्या सव्वापट तरी हवं, आणि ही हमी घटस्फोट झाला तरी सुटत नाही. ती व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ती सहसा चालूच राहते. हे सगळं मला मान्य होतं. पण त्याच कागदात आणखी एक अट आहे. हमी देणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत हवं. तो परदेशात राहत असेल, तर जोडीदार तिकडे पोहोचेल तोवर आपणही तिथे कायमचे राहायला जाणार आहोत हे त्यानं दाखवायचं, आणि नुसतं म्हणून नाही, तर नोकरी, घर, बँकेचं खातं अशा पुराव्यांनी. पैसे कमी पडले तर दुसरा हमीदार उभा करता येतो. वास्तव्य नसेल तर ते दुसऱ्या कुणाच्या सहीनं भरून निघत नाही.

पण वडील गेल्यावर मी अमेरिकेतून सोलापूरला परत आलो ते कायमचा, असं आईला मी स्वतः सांगितलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात हिलाही तेच सांगितलं होतं. आणि आता सात समुद्रापलीकडच्या एका अनोळखी अधिकाऱ्याला मी लेखी देणार होतो की आम्ही निघालो. त्या अधिकाऱ्याला माझा इरादा माझ्या आईच्या आधी कळणार होता.

मी स्वतःला विचारलं, अर्ज नेमका कशासाठी? लोकांना द्यायची उत्तरं तयार होती. हिचं पुढचं आयुष्य, उद्या मुलं झाली तर त्यांचं शिक्षण, आणि सगळ्यात सोयीचं उत्तर म्हणजे ‘एक पर्याय हाताशी असलेला बरा’. हे शेवटचं उत्तर मी आईलाही दिलं होतं, आणि तेच आधी तपासून बघायला हवं होतं, कारण ग्रीन कार्ड कपाटात ठेवून देता येत नाही. व्हिसा मिळाला की त्याच्या मुदतीत, म्हणजे बहुधा सहा महिन्यांच्या आत, तिकडे दाखल व्हावं लागतं. नंतर आगाऊ परवानगी न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर ते कार्ड परत तिकडे जायला चालत नाही, आणि घर इकडेच मांडलंय असं दिसलं तर कमी काळातही प्रश्न उभा राहतो. म्हणजे ‘पर्याय हाताशी’ असं काही नसतंच. जायचं असेल तर जायचं.

लोकांना द्यायची उत्तरं बाजूला ठेवल्यावर मागे जे उरलं ते बघायला जड गेलं. मला माझं तिकडचं काम परत हवं आहे. ज्यांच्याबरोबर सुरुवात केली ते पुढे गेले आणि मी मागे पडलो, हे मला टोचतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं माझं आता मत झालंय. गिरण्या बंद पडल्यापासून या गावातली किती पोरं पुण्याला गेली, त्यांनी कुणाचं काय वाईट केलं? पण हे माझं कारण आहे, ते बायकोच्या नावावर घालणं बरोबर नाही. ती शाळेत शिक्षिका आहे. शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं काढली तेव्हा कुठे कायम झाली. “तुम्ही जाल तिथं मी येईन,” असं ती म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर मी तिचा होकार धरून चाललो होतो. त्या होकारासाठी काय सोडावं लागेल, हे मी तिच्यापुढे मांडलंच नव्हतं.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून फोटो जोडायचे असतात. दोघांचेच नकोत, घरच्यांबरोबरचे असले तर चांगले. मी निवडत बसलो. गड्ड्याच्या यात्रेतला एक फोटो निघाला. अक्षता सोहळ्याचा दिवस, मागे उंच नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं, आणि त्या रेट्यात हिनं आईचा हात मनगटाला घट्ट धरलेला. आईच्या दुसऱ्या हाताच्या मुठीत अजून काही अक्षता आहेत. मी अर्धाच, कडेला. फोटोखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे ते लिहायचं. लिहिताना दिसलं की हा पुरावा दोघांच्या संसाराचा नाही, तिघांच्या घराचा आहे, आणि तो मी त्यातल्या दोघांना घराबाहेर काढण्यासाठी पाठवतो आहे.

आईचंही प्रतिज्ञापत्र हवं होतं, हे लग्न खरं आहे असं सांगणारं. कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे जाऊन येऊ, असं मी तिला म्हटलं. ती शेंगदाणे निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तू मला सांगलालास का विचारलालास?”

मला उत्तर देता आलं नाही.

भैया चौकाकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता तिथे त्यांचं स्मारक आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला कुणी ना कुणी त्यांचं नाव ऐकवतंच; मलाही ऐकवलं होतं. 1938 मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. तिथल्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 ला अवघ्या बत्तीसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट 1946 मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेनं आपल्याकडच्या माणसांसाठी दार किलकिलं केलं, वर्षाला सगळे मिळून शंभर. आज नागरिकाच्या जोडीदाराला संख्येची मर्यादा नाही. बाहेरची वाट माझ्यासाठी इतकी मोकळी आहे. मी कोटणीसांच्या पासंगालाही पुरणारा नाही आणि माझं जाणं कुठल्या सेवेसाठी नाही, म्हणून त्यांच्या नावाचा आधार मी घेणार नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. जाण्याआधी त्यांनी घरी विचारलं होतं. चीनबद्दल घरात कुणाला फारशी माहितीही नव्हती, तरी वडिलांनी जा म्हटलं. पुढे वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली आणि ते काम सोडून आले नाहीत. तो निर्णय त्यांना पेलला, आणि त्यामागे वडिलांचा होकार होता, असं मला वाटतं.

त्या रात्री मी दोघींना समोर बसवलं. पर्याय वगैरे काही नाही, मला जायचं आहे आणि ते माझ्या कामासाठी, हे सांगितलं. नाही म्हणालात तर आय-864 पाठवणार नाही, हेही सांगितलं. पहिला अर्ज मंजूर होऊन केस व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर ती बंद होऊ शकते. झाली तर फी बुडेल, बाकी काही बुडणार नाही.

हिनं पहिल्यांदाच विचारलं की तिथे तिची पदवी शिकवायला चालेल का. मला नीट माहीत नव्हतं. प्रत्येक राज्याचे परवान्याचे नियम वेगळे असतात, ते तिच्याबरोबर बसून वाचायचं ठरलं. मधेच शाळा सोडायची नाही, हातातला वर्ग वार्षिक परीक्षेपर्यंत नेणार, हे तिनं ठामपणे सांगितलं. तुझ्यासाठीही पुढे अर्ज करता येईल, असं मी आईला म्हणालो. ती नको म्हणाली, तिला तिकडे करमणार नाही. आमच्या जाण्याला हो किंवा नाही मात्र तिनं अजून सांगितलेलं नाही. तिनं उलट मलाच विचारलं, “हिच्या आईवडलांना विचारलास का?”

विचारलं नव्हतं. रविवारी आम्ही तिघं अक्कलकोटला त्यांच्याकडे चाललोय.