घोड्याचे दुखणे कोणी सांगायचे?

नवी वस्तू घेताना आपण वस्तू पारखतो. जुनी घेताना मात्र माणूस पारखावा लागतो. स्थळ पाहून परतणाऱ्या मंडळींसारखी आपली अवस्था होते. पोहे झकास झालेले असतात, बोलणी गोड झालेली असतात, आणि तरी रस्त्यावर आल्यावर कोणीतरी म्हणतेच, "सगळे सांगितले असेल ना हो त्यांनी?"

हा प्रश्न माझ्यापुढे यंदा एका मोटारीच्या निमित्ताने उभा राहिला. मोटार साधीसुधी नव्हे, मर्सिडीज. तिच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा आपल्याकडे सामान्य माणसाला ठाऊक झाला तो मालट्रकांमुळे. १९५४ साली टेल्कोने जर्मनीतल्या डाइम्लर-बेंझशी करार केला, आणि १९६९ पर्यंत त्या कराराखाली निघालेल्या ट्रकांवर हा तारा होता. कांद्याची पोती वाहणारा तो तारा १९९५ पासून पुण्यात जुळवल्या जाणाऱ्या आलिशान मोटारींवर चढला. आज ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, किंवा डोंबिवलीच्या एखाद्या अरुंद गल्लीतही त्याचे दर्शन होते. नवी परवडत नाही, पण कोणीतरी चार-आठ वर्षे वापरलेली परवडते, असा एक वर्ग आपल्या या बाजूला आहे. आणि त्याला हसण्याचे कारण नाही. बाप जन्मभर कल्याण लोकलच्या दारात उभा राहिला, आणि मुलाला ऐसपैस बसावेसे वाटले, तर त्यात गैर काय?

आता या घराण्यातल्या तीन भावंडांची तुलना करून पाहा. समजा, तुमच्यापाशी एक ठरावीक रक्कम आहे. तेवढ्यात चार-पाच वर्षांची 'सी' मिळेल, सात-आठ वर्षांची 'ई' मिळेल, नाहीतर दहा-बारा वर्षांची 'एस'. 'सी' ही स्वतः चालवणाऱ्याची मोटार. लांबीला साडेचार मीटरांहून थोडी अधिक, त्यामुळे सोसायटीच्या आवारात कशीबशी मावते. 'ई' ही मागे बसणाऱ्याची. २०१७ पासून ती भारतासाठी मुद्दाम लांब करून काढली जाते, पाच मीटरांच्या वर, म्हणजे आजोबांना पाय पसरता येतात. 'एस' तर राजेशाहीच. ती पोलादी स्प्रिंगांवर नव्हे, हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर तरंगते. शिळफाट्याचे खड्डे आत बसलेल्याला फारसे जाणवत नाहीत. पण रबरालाही म्हातारपण येते. आणि खरी मेख अशी की, जुन्या मोटारीची किंमत उतरते, तिच्या दुरुस्तीची उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. विकत घेण्याची ऐपत वेगळी आणि सांभाळण्याची वेगळी, एवढे ध्यानात ठेवले की तिघींतली निवड ज्याची त्याला करता येते.

इथपर्यंत सगळा हिशेबाचा मामला. पण एकाच सालच्या, एकाच रंगाच्या दोन 'ई' शेजारी उभ्या केल्या तर? एक वेळच्या वेळी तेलपाणी झालेली, दुसरी दोन दिवस पाण्यात उभी राहिलेली. आपल्या भागाला पाणी काही नवे नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी कल्याण-बदलापुरात शिरली, ते कोण विसरेल? या मोटारींच्या गालिच्याखाली आणि बैठकीखाली विजेच्या तारांचे जाळे असते. पाणी ओसरते, मोटार धुऊनपुसून लखलखीत होते, आणि तारांचे जोड मात्र आतल्या आत गंजत राहतात. जाणकार माणूस सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ दिसते का पाहतो, बैठकीच्या रुळांवरचा गंज पाहतो, गालिचा उचलून वास घेतो. पण प्रत्येक जण जाणकार नसतो.

नौपाड्यातल्या आमच्या एका स्नेह्यांची 'ई' अशीच पावसाळ्यात तळघरातल्या पाण्यात सापडली होती. त्यांनी ती दुरुस्त करवली. वर्षभर ती बिनतक्रार चालली. मग त्यांनी ती विकायला काढली. डोंबिवलीचा एक तरुण आईला घेऊन पाहायला आला. मोटार त्याला आवडली. आईला तर फारच. ती दोघे गेल्यावर स्नेही मला म्हणाले, "विचारले असते तर खोटे बोललो नसतो. पण मी होऊन का सांगावे? त्याने मेकॅनिक आणावा, तपासून घ्यावी. आणि खरे सांगणाऱ्यालाच दोन-तीन लाखांची झळ बसणार असेल, तर हा प्रामाणिकपणावरचा दंडच झाला की!"

त्यांचे बोलणे उडवून लावण्यासारखे नव्हते. कायदाही बराचसा त्यांच्या बाजूचा. १९३० च्या मालविक्री कायद्याचा रोख, घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, असाच आहे. त्याहून जुन्या, १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात तर एका घोड्याचे उदाहरण आहे. आपला घोडा दुखणाईत आहे हे मालकाला ठाऊक आहे; तो त्याला लिलावात विकतो आणि गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे.

पण लगेच पुढे दुसरे उदाहरण आहे, आणि ते मला फार हृद्य वाटते. घोडा घेणारी ही त्या मालकाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तर मात्र दुखणे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घोडा तोच, दुखणे तेच. बदलले ते फक्त नाते. म्हणजे सांगणे हेच योग्य, हे कायद्यालाही कळते. परक्याच्या बाबतीत तो सक्ती करीत नाही, इतकेच. कायद्याला सगळ्यांकडून वसूल करता येईल तेवढेच मागावे लागते. माणसाने स्वतःकडे तेवढेच मागून थांबावे काय? तो मुलगा मेकॅनिक आणील, पण मेकॅनिक यंत्र पाहणार. त्याची आई पाहत होती ती मोटारीच्या मालकाचा चेहरा.

राहिला दंडाचा मुद्दा. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली ज्या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत तो होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली कोणती आणि वाईट कोणती हे घेणाऱ्याला कळत नसले, म्हणजे तो सगळ्याच मोटारींना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे परवडत नाही. ती बाजारातून उठून जाते, आणि मागे उरतो गाळ. प्रामाणिक माणसाला दंड बसतो हे खरेच. पण तो बसवतात गप्प राहणारे. एकाने मौन धरले की त्याची किंमत ज्याने आपली मोटार जिवापाड जपली, तो कोणी अनोळखी भरतो.

मी स्नेह्यांना एवढेच म्हणालो, "मर्सिडीज हे एका मुलीचे नाव आहे, ठाऊक आहे ना? एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या लेकीचे नाव मोटारीला दिले, आणि १९०२ साली ते रीतसर नोंदले गेले. ही तुमची मोटार उद्या तुमच्याच लेकीने मागितली, तर तिला काय सांगाल?"

ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या तरुणाला फोन करून पाण्याची सारी हकीकत सांगितली आणि दुरुस्तीची बिलेही पाठवली. व्हायचे तेच झाले. त्याने मोटार घेतली नाही. ती अजून गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी आहे, आणि स्नेह्यांच्या घरात त्यावरून अधूनमधून कुरबूर होते.

महिनाभराने त्या तरुणाचा फोन आला. त्याने कल्याणमध्ये एक 'सी' पाहून ठेवली होती. "काका," तो म्हणाला, "मला यातले कळत नाही. तुम्ही एकदा येऊन पाहाल का? तुम्ही घे म्हणालात तर घेईन."

आमचे स्नेही रविवारी गेले. मीही सोबत होतो. मालक मोटारीचे गुण सांगत होता. स्नेह्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, मागचे दार उघडले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला.