तीर्थाहून परतताना

काशीयात्रा पुरी झाली की घरी मावंदे घालावे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. गंगेच्या गडूची पूजा करावयाची, आप्तेष्टांस व गावकऱ्यांस भोजनास बोलवावयाचे आणि यात्रेचे पुण्य एकट्याने न राखता सर्वांस वाटून द्यावयाचे, असा तिचा हेतू. गेल्या कार्तिकात आम्ही उभयतांनी चिंताकीस असेच मावंदे घातले. त्या वेळी मनात घोळत असलेला एक प्रश्न आज सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. तीर्थाहून परतताना, जवळ पैसा असला तरी, पहिल्या वर्गाने यावे काय?

आपल्या वाडवडिलांस हा प्रश्न पडलाच नसता. त्यांच्या काळी काशीस जाणे म्हणजे घरच्यांचा जवळजवळ अखेरचा निरोप घेणे होते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि कित्येक संकटांतून पार पडून गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्या जलाने त्यांनी आईबापांस स्नान घातले. त्यांचा हा वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापून निघाला. आज चिंताकीहून पहाटे निघालेला मनुष्य हैदराबादेस विमानात बसून त्याच दिवशी काशीस पोहोचू शकतो. कलबुर्गीस २०१९ साली आणि बिदरास २०२० साली नागरी विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून आपल्या भागात विमान ही केवळ श्रीमंतांनी बोलावयाची गोष्ट उरलेली नाही.

कित्येकांचे म्हणणे असे, की जितके कष्ट अधिक तितके पुण्य अधिक; म्हणून तीर्थयात्रेत सुखसोयी मुळीच नसाव्यात. हे मत आम्हांस मान्य नाही. देहास पीडा झाल्याने चित्त शुद्ध होतेच असे नाही. पुष्कळदा ते चिडखोर मात्र होते. म्हाताऱ्या माणसाने ऐसपैस जागेवर बसून नामस्मरण केले, तर ते देवास कमी पोहोचते असे कोण म्हणेल? तेव्हा दोष गादीच्या मऊपणात नाही. तो कोठे आहे, हे आम्हांस आमच्याच प्रवासात कळले.

यात्रा अवघी चार दिवसांची होती. आमच्याबरोबर आमचा जुना सालगडी होता. घाटाच्या पायऱ्या उतरताना आमच्या मंडळींस त्याचाच आधार होता, आणि गंगाजलाचे गडूही त्यानेच सांभाळले. जाताना आम्ही तिघे विमानात साध्या वर्गात शेजारी शेजारी बसलो होतो. परत येताना मात्र दिल्लीहून हैदराबादेपर्यंत आम्ही दोघांपुरती पुढच्या वर्गाची तिकिटे काढली. त्या वर्गास आता ‘बिझनेस क्लास’ म्हणतात; जुन्या सवयीने आपण ‘फर्स्ट क्लास’च म्हणतो. गुडघे दुखतात, हे कारण आम्ही सांगितले. ते खरे होते. परंतु दुखत होते ते एकट्या मंडळींचे गुडघे, आमचे नव्हेत. तिघांस पुढे बसविणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते. एकीस पुढे बसवून आम्ही त्याच्याशेजारी मागे बसणे ऐपतीबाहेरचे नव्हते.

विमान उडाले आणि दोन्ही वर्गांमधला पडदा ओढला गेला. गरम भोजन आले, अदबीने विचारपूस झाली. दोन तास आम्ही सुखात होतो, आणि त्या दोन तासांत मागे बसलेल्या माणसाची आठवण आम्हांस एकदाही झाली नाही. हैदराबादेस आम्ही आधी उतरलो. बऱ्याच वेळाने तो सामानाच्या पट्ट्यापाशी आला, आणि आम्ही दिसताच म्हणाला, “काकू, पाय दुखालेत का आता?”

त्या एका प्रश्नाने आमची मान खाली गेली. आम्ही पडद्याच्या अलीकडे त्यास विसरलो होतो. तो पडद्याच्या पलीकडे आम्हांस विसरला नव्हता.

आपल्या परंपरेतही विमानाने घरी परतण्याची एक कथा आहे. लंकेहून अयोध्येस निघालेल्या श्रीरामचंद्रांपाशी कुबेराचे पुष्पक होते. बिभीषण, सुग्रीव व वानरगण यांनी बरोबर येण्याची इच्छा दर्शविताच प्रभूंनी त्या सर्वांस पुष्पकात घेतले. वाटेत किष्किंधा आली, तेव्हा तारा आदी वानरस्त्रियांसही न्यावे असे सीतामाईने सुचविले, आणि त्याही आल्या. ज्यांच्या बळावर यात्रा सिद्धीस गेली, त्यांच्यासह घरी यावे, असे वाल्मीकींनी येथे दाखविले आहे. पुढे घर येताच रामांनी पुष्पक कुबेराकडे परत पाठविले. वाहन उपयोगापुरते वापरावे, त्याचा अभिमान उतरताना बरोबर नेऊ नये, असा बोध आम्ही त्यातून घेतो. महाभारताच्या अखेरीसही युधिष्ठिरापुढे इंद्राचा रथ उभा राहिला, तेव्हा वाटेत सोबत केलेल्या कुत्र्यास टाकून त्यात चढण्यास त्याने नकार दिला.

येथे कोणी म्हणेल, “ज्याचे पैसे त्याची जागा, यात अधर्म तो कसला?” व्यवहार म्हणून हे बरोबर आहे. अनोळखी प्रवाशांत जागांचा भेद असावयाचाच, आणि त्यांच्यावर आम्ही अन्यायही केला नाही. परंतु तीर्थयात्रेतील सोबती हा अनोळखी प्रवासी नव्हे. गंगेत ज्याचा हात धरून उतरलो, तो हात परतीच्या वाटेवर सोडावा, तर स्नानाने धुतले काय? जाताना मनुष्य भावाने नम्र असतो. परतताना “आता आपले काम झाले” असे मनास वाटते, आणि नेमका तेथेच अहंकार आपली जागा राखून ठेवतो. म्हणून यात्रेची खरी परीक्षा देवळाच्या दारात होत नसून परतीच्या वाटेवर होते, असे आम्हांस वाटू लागले आहे.

ज्यांस देहाची अडचण आहे, त्यांनी पुढची जागा निःशंकपणे घ्यावी. इतरांनी तिकीट काढण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे: ही जागा आपल्या गुडघ्यांस हवी आहे की आपल्या मनास? आणि आपल्याबरोबर आलेला माणूस तेव्हा कोठे बसणार आहे?

मावंद्याच्या दिवशी गडूच्या पूजेस आम्ही दोन पाट मांडले होते. गुरुजींनी संकल्पास आरंभ करण्यापूर्वी आम्ही तिसरा पाट मांडविला आणि त्यास शेजारी बसवून घेतले. तो संकोचला, पंगतीतील काहींस नवलही वाटले. यात आमचे औदार्य काहीच नव्हते. काशीस तिघे गेले होते, म्हणून पाटही तीनच हवे होते. विमानात जी चूक झाली ती एका पाटाने पुसली जात नाही, हे आम्ही जाणतो. पुढच्या यात्रेत ती पुन्हा न होवो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.