बारा टोपल्या

गेल्या वर्षी धर्मग्रामाचा सण आटोपला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेसाठी आम्ही चर्चच्या आवारात पाऊल टाकले, तेव्हा कुंपणाच्या भिंतीलगत आदल्या रात्रीचा ढीग तसाच पडलेला होता. थर्माकोलची ताटे, प्लॅस्टिकचे पेले, अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, भाताची शिते, हाडे, आणि कोणाच्या तरी हातून फुटलेली लोणच्याची बरणी. ढिगापाशी एक बाई गोणी पसरून बसली होती. बाटल्या एकीकडे, पुठ्ठे दुसरीकडे असे तिचे निवडणे चालले होते. तिच्या डाव्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधीवर रक्ताचा डाग पसरत होता. आम्ही विचारले, तेव्हा "काही नाही, काच लागली," एवढेच म्हणून ती पुन्हा कामाला लागली. आम्ही आत गेलो. परंतु त्या दिवशी उपासनेत आमचे मन रमले नाही. आदल्याच दिवशी वेदीवर धान्य आणि फळे अर्पण करून आम्ही सृष्टीबद्दल परमेश्वराचे आभार मानले होते.

कचरा हा महापालिकेचा प्रश्न आहे, अशी आपली समजूत असते. तो नीतीचा आणि श्रद्धेचाही प्रश्न आहे काय? आणि असल्यास, चार माणसांच्या एका घराने त्यात काय करावे? त्या सकाळपासून हे प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाहीत. त्यांचा जमेल तसा विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम मनात येते ते आपले जुने सोलापूर. हे गिरण्यांचे आणि मागांचे गाव. येथे कापडाची किंमत प्रत्येक घराला ठाऊक होती. लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळ फाटली की पायपुसणे होई, आणि पायपुसण्याची अखेर चुलीजवळच्या फडक्यात होई. उरलेसुरले कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जाई. ज्वारीची भाकरी उरली तर ती कडक करून ठेवीत. महिनाभर ती शेंगाचटणीबरोबर खाल्ली जाई. लग्नाच्या पंगतीत पळसाची पत्रावळ असे आणि जेवणे झाली की ती उकिरड्यावर जाऊन खत होई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे म्हणणाऱ्या समाजाला कचऱ्याचे सोने होते हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

मात्र येथे आपण स्वतःची फसवणूक करू नये. आपल्या आजीने वाकळ शिवली ती पृथ्वी वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसरे पांघरूण घेण्यास पैसा नव्हता म्हणून. परिस्थितीने लादलेली काटकसर हा सद्गुण म्हणावा काय? निवड करण्याची मोकळीक असते तेथेच सद्गुणाची परीक्षा होते. ती मोकळीक आपल्या पिढीला मिळाली. हातात चार पैसे आले, आणि वाकळीबरोबर वाकळीमागची वृत्तीही आपण माळ्यावर टाकली. तेव्हा आजी अधिक पुण्यवान होती असे म्हणून सुटता येणार नाही. तिला जे करावेच लागले, ते आपल्याला आता समजून उमजून, आपण होऊन करायचे आहे. ते तिच्या कामापेक्षा अवघड आहे, कारण न करण्याची सोय आपल्या दाराशी उभी आहे.

"आमच्या एका पिशवीने असे काय बिघडणार आहे?" हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. सोलापूरकराने तरी तो घेऊ नये. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात जे पाणी येते, ते मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांचे पाणी पोटात घेऊन आलेल्या भीमेचे असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील लाखो घरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या प्रवाहात मिसळत आले आहे. त्यातला प्रत्येक जण मनाशी हेच म्हणत असेल की, आपल्या एका मोरीने काय बिघडणार! आपल्याला त्या पाण्याची हिरवी साय दिसते आणि राग येतो. तो योग्यच आहे. पण आपल्या गटारांचे पाणी कोठे जाते? तेही सीना-भीमेच्या खोऱ्यातच उतरते आणि पुढे कर्नाटकात कोणाच्या तरी घागरीत भरले जाते. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणी पाठ केली. नदीच्या काठी तिचा अर्थ अगदी सोपा होतो: आपल्या खालच्या अंगाला राहणारा तो आपला शेजारी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करण्यास सांगितले. आम्ही दोन डबे आणले. काही महिने मोठ्या निष्ठेने वेगवेगळे भरले. एके दिवशी गाडीपर्यंत स्वतः गेलो आणि दोन्ही डबे एकाच खणात रिकामे होताना पाहिले. त्या संध्याकाळी घरातल्या मुलाने विचारले, "मग आपण उगाच का करायचे?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

आता थोडेसे सुचते. कर्तव्य हे दुसऱ्याच्या कर्तव्यावर अवलंबून नसते हे खरे. पण तेवढ्यावर थांबलो तर आपल्या दोन डब्यांचे समाधान परुश्याच्या प्रार्थनेसारखे होईल. वेगळे करणे हा कामाचा अर्धा भाग. वेगळे केलेले वेगळेच राहावे म्हणून चार घरांनी मिळून विचारणा करणे, अर्ज देणे, पुन्हा पुन्हा जाणे, हा उरलेला अर्धा भाग. तो आम्ही टाळला होता, कारण डबे भरणे सोपे आणि चकरा मारणे कष्टाचे.

शिवाय पुनर्वापराच्या नावाखाली आणखी एक भ्रम पोसला जातो. सुका कचरा दिला म्हणजे वाटेल तितके वापरण्यास आपण मोकळे, असे वाटू लागते. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळविता येतात. कागदाचा तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होतो. पाण्याच्या बाटलीचा धागा निघू शकतो. पण वेफर्सच्या चकचकीत पुडीत निरनिराळे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. ओला कचरा ढिगाखाली दडपला, त्याला हवा मिळाली नाही, की त्यातून मिथेन वायू सुटतो आणि तो वातावरण कार्बन वायूपेक्षा कितीतरी अधिक तापवितो. म्हणून पहिला नियम न घेण्याचा, दुसरा पुन्हा वापरण्याचा, आणि भंगारवाल्याचा क्रम त्यानंतर. प्रायश्चित्तकाळात आपण मांसाहार वर्ज्य करतो. 'नको' म्हणण्याचा सराव आपल्या परंपरेत नवा नाही.

या सर्वांच्या मुळाशी 'टाकाऊ' हा शब्द आहे. आपल्या शहराजवळ नान्नजचे माळरान आहे. सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यात अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची रीत. त्या पडीक गवतावरच माळढोक पक्षी जगत होता. १९७९ साली तेथे अभयारण्य झाले, तरीही आज माळढोक आपल्या माळावरून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाच्या अभ्यासकांचे व कार्यकर्त्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पुढे १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात त्यांनी सृष्टीशी सलोखा हा शांततेचाच भाग असल्याचे प्रतिपादन केले. २०१५ च्या 'लौदातो सी' या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी आणखी एक पाऊल टाकले: धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे नाहीत. वस्तू फेकण्याची सवय जडलेला समाज हळूहळू माणसेही फेकू लागतो. आपल्याच महाराष्ट्रात वसईच्या हिरवाईसाठी उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली शेजारच्या उस्मानाबादेत साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले होते. माती आणि माणूस यांची बाजू एकच, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि या कामाला श्रमाची प्रतिष्ठा मागितली गेली. आम्ही मात्र आपल्या आवारात येणाऱ्या बाईचे नावही कधी विचारले नव्हते.

योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पाच हजारांचा समुदाय जेवून तृप्त झाला. ज्याने पाच भाकरींत एवढ्यांना जेवू घातले, त्याला उरल्यासुरल्याची चिंता करण्याचे काही कारण नव्हते. तरीही त्याने शिष्यांना तुकडे वेचण्यास सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्काराचा भाग आपण आवडीने सांगतो. वेचण्याचा भाग घाईने वाचतो. परंतु विपुलता आली तरी निष्काळजीपणाचा परवाना मिळत नाही, हे प्रभूने तेथे शब्दांपेक्षा कृतीने शिकविले. शिवाय त्या टोपल्या शिष्यांनीच भरल्या. वेचण्यासाठी दुसऱ्या कोणाला बोलाविले नाही.

यंदाच्या सणापूर्वी आम्ही हा विषय सभेत काढला. स्टीलची ताटे भाड्याने आणावीत असे ठरत होते. तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "चारशे ताटे धुवायला पाणी कोठून आणणार?" ज्या शहराने दिवसांआड येणाऱ्या नळाची वर्षानुवर्षे वाट पाहिली, तेथे या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. एक चांगले काम दुसऱ्या चांगल्या कामाच्या आड येते. अखेर पळसाच्या पत्रावळी आणल्या. त्या थर्माकोलपेक्षा महाग पडल्या. फरक देणगीतून भरला. पेले प्रत्येकाने घरून आणावेत असे सांगितले. निम्म्या लोकांनी आणले, निम्मे विसरले. त्यांच्यासाठी शेजारच्या घरांतून पेले गोळा करावे लागले. उष्टे आणि पत्रावळी लिंबाखालच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर थराथराने घातल्या. पहिल्या आठवड्यात वास आला आणि तक्रारीही आल्या. अजून खत झालेले नाही.

सण झाल्यावर रात्री आम्ही दहा-बारा जणांनी सुका कचरा वेगळा केला. काच कागदात गुंडाळून त्यावर खूण केली. सकाळी ती बाई आली, तेव्हा प्रथमच तिचे नाव विचारले आणि चहा दिला. तिने गोण्यांकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आज माझे काम तुम्हीच केले की!"

आम्ही काही बोललो नाही. ते काम मुळात आमचेच होते.