साहाय्य करणाऱ्याची भूक

मनुष्यस्वभावाचे नऊ प्रकार मानणारी एनिअग्राम नांवाची एक पद्धति आहे. तींत दुसरा प्रकार साहाय्यकर्त्याचा. असा मनुष्य आजाऱ्याच्या उशाशीं बसतो, उपाशी घरीं धान्य पोंचवितो. परंतु आपणांवांचून कोणाचें चालूं नये, अशी गुप्त भूक त्याच्या अंतःकरणांत असते, आणि कोणीं आभार मानले नाहींत तर तो आंतल्या आंत कुढतो. बेथानीची मार्था अशीच कुरकुरत प्रभूजवळ आली. आम्हां उपदेशकांत हा दोष थोडा नाहीं!

गडचिरोलीकडे पाहा. १९८६ सालीं डॉक्टर अभय व राणी बंग तेथें काम करावयास आले. दवाखाना कसा हवा, हें त्यांनीं गोंड लोकांनाच विचारिलें. मोठ्या इमारतींच्या इस्पितळाचें आम्हांस भय वाटतें, असें उत्तर आलें. म्हणून शोधग्रामांत झोंपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला, व लोकांच्याच इच्छेवरून त्याला दंतेश्वरीचें नांव मिळालें. साहाय्य करणाऱ्यानें आधीं ऐकून घेतलें!

पेत्राचें दुखणें निराळें. प्रभूनें आपले पाय धुवावे, हें त्याला सोसेना. नेहमीं देणाऱ्यालाही घेणें असेंच जड जातें. तेव्हां येत्या पावसाळ्यापूर्वीं शेजारी तुमचें छप्पर शाकारावयास आला, तर त्याला परत धाडूं नका.