एलियाला आधी भाकर मिळाली



एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत बसला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर व पाणी दिले. देवाची वाणी त्याने नंतर ऐकली (१ राजे १९).

घरच्या दुःखाने खचलेल्याला आपण मात्र लगेच ‘रोझरी म्हणा’ सांगतो. आम्ही धर्मगुरूही सांगतो. बालपणी सोसलेली मारहाण हे सोसणाऱ्याचे पाप नव्हे. तिथे पापक्षमा नव्हे, उपचार हवा.

समुपदेशकाशी आता मोबाईलवरही बोलता येते. सरकारची मोफत टेली-मानस सेवा (१४४१६) २०२२ पासून आहे, मराठीतही. मात्र घरात सासू, मुले, शेजारी. दार लावायचे कुठे? हॉलमागची खोली त्यासाठी मोकळी ठेवली आहे. चावी ऑफिसात मिळेल. कशासाठी, हे आम्ही विचारणार नाही.